ती उष्णता नव्हती

खाज येत होती. कुठे, ते सांगायला आमच्या घरात शब्द नव्हता. ‘खाली’ म्हणायचं, तेही नजर चुकवून. आज लिहायला बसलेच आहे तर तो शब्द आधी लिहून टाकते: योनी. माझ्या योनीमार्गात बुरशीचा संसर्ग झाला होता. पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांच्या पायाला चिखल्या होतात, त्याच जातीचं हे दुखणं. चिखल्या झालेली बाई ओटीवर बसून चारचौघांसमोर पायाला औषध लावते. मला मात्र ते लपवावं लागलं, आणि लपवण्यात जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात ज्यांनी ज्यांनी मला उपाय सांगितले, त्यांच्यातल्या एकानेही बघितलं नाही मला नक्की काय झालंय ते.

मी पेणला रामवाडीत राहते. माहेर रोह्याकडचं, भात आणि वाल पिकवणारं घर. नवरा वडखळच्या पुढे एका कंपनीत शिफ्टला जातो. मुलगी तेव्हा आठवीत होती. घरात सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. सकाळची कामं उरकली की मी शेजारच्या गल्लीत सुमनताईंच्या पडवीत पापड लाटायला जायचे. उन्हाळाभर तिथे आम्ही सात-आठ जणी मांडी घालून बसायचो, पुढ्यात पोळपाट, डोक्यावर पत्रा. हसतखेळत काम व्हायचं. मला ते आवडायचं.

शिमगा झाला आणि माझा घसा सुजला. डॉक्टरांनी तगड्या गोळ्यांचा कोर्स दिला. घसा बरा झाला आणि आठवड्याच्या आत हे सुरू झालं. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायला लागलं. लघवीला बसलं की आग. आणि खाज अशी, की पोळपाटासमोर मांडी घालून बसणं म्हणजे शिक्षा. मी सारखी काहीतरी निमित्त काढून उठायचे.

गुलकंद

शेवटी आईंना सांगितलं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

“उष्णता हाय ती. दिवसभर पत्र्याखाली बसतेस, आणखी काय व्हनार? पोटात थंड घाल.”

मग थंड घालणं सुरू झालं. सकाळी सब्जा आणि खडीसाखर. दुपारी कोकम सरबत. जेवणानंतर गुलकंद, तो आई स्वतः चमच्याने काढून द्यायच्या. बाजारात गेलं की उसाचा रस. मी सगळं मुकाट्याने घ्यायचे, कारण खरंच बरं वाटायचं. तेव्हा मला तहान फार लागायची. तांबेच्या तांबे पाणी प्यायचे आणि सारखी लघवीला जायचे. तीही उष्णताच, असं ठरलं. पडवीतल्या बायकांनीही एकमुखाने उष्णताच सांगितली. कुणी दुर्वांचा रस सांगितला, कुणी तुरटीच्या पाण्याने धुवायला. मी दिवसातून तीन-तीनदा साबण लावून घासून धुवायचे. मला वाटायचं, मीच कुठेतरी अस्वच्छ आहे.

एकदा एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या टेबलाच्या आणि बाकड्यावरच्या पेशंटांच्या मध्ये एक अर्धा पडदा. मागे आमच्याच गल्लीतले दोघे बसलेले. मी कसंबसं म्हणाले, लघवीला जळजळ होते. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली नाही, मला तपासलं नाही, मान वर न करता पुन्हा तसल्याच गोळ्या लिहिल्या. त्या संपल्यावर दुखणं दुप्पट झालं. परत गेले, परत तेच. तेव्हा माझ्या डोक्यात बसलं की हे गोळ्यांनीच होतंय. ते अर्धं खरं होतं. त्या अर्ध्या खऱ्याने पुढे माझा घात केला.

मे महिन्यात एका दुपारी सुमनताईंनी मला बाजूला घेतलं. मागच्या भिंतीआड मला खाजवताना कुणीतरी पाहिलं होतं. खाण्याचा माल आहे, गिऱ्हाईक दारात येतं, बरी झालीस की ये, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या. मी दर वेळी कोपरापर्यंत हात धुऊन यायचे, हे सांगायचं राहूनच गेलं. माझं लाटणं मी पदराखाली धरून घरी आले, चोरी केल्यासारखी.

घरी नवऱ्याचं वेगळंच. जवळ आला की मला दुखायचं, मी नको म्हणायचे. काही दिवस त्याने ऐकून घेतलं. मग एकदा डब्याची पिशवी उचलता उचलता म्हणाला, “हे आणलंस कुठून?”

मी पडवी आणि बाजार सोडून कुठे गेले नव्हते. त्याला ते ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं, आणि माझं उत्तर न ऐकता शिफ्टला निघून गेला. त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. आईंनी ते पाहिलं आणि मला गुलकंदाचा आणखी एक चमचा दिला.

औषधाविना

पावसाळा गेला, थंडी सरत आली तरी दुखणं तसंच होतं. माझी धाकटी बहीण नंदा अष्टमी गावात राहते. रोह्यात पूल ओलांडला की तिचं घर. तिला फोनवर सांगताना मी रडले. तिने ऐकलं होतं की रोह्यात एका हॉलमध्ये एक बाई शिबिर घेतात, बायकांची सगळी दुखणी औषधाविना बरी करतात. नंदाने मला बोलावून घेतलं. आईंनी अडवलं नाही. नवऱ्याने विचारलंही नाही.

शिबिरातल्या त्या बाई पांढऱ्या सुती साडीत, आवाज लोण्यासारखा. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला त्या देवासारख्या वाटल्या. माझ्या दुखण्याचं नाव चारचौघींत मोठ्याने घेणारी ती पहिली बाई. किती दिवस आहे, झोप लागते का, घरचे काय म्हणतात, सगळं विचारलं. कुणी असं विचारावं म्हणून मी किती भुकेली होते, ते मला तिथे कळलं.

मग त्यांनी सांगितलं की हे शरीरातलं विष आहे, ते बाहेर पडतंय, गोळ्या देऊन डॉक्टर ते आत कोंडतात. कडुलिंबाच्या काढ्याने आतून धुवायचं. दही आणि मध आत लावायचं. आणि हे होतं का, तर बायका राग गिळतात. गिळलेला राग तिथून वाहतो. मन शांत करा, क्षमा करा, जागा आपोआप शांत होईल. हॉलमधल्या निम्म्या बायका रडत होत्या. मीही रडत होते. मला वाटलं, बरोबर आहे, नवऱ्यावरचा रागच हा.

काढ्याने धुतलं तेव्हा मिरची लागल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, शुद्धी चालू आहे. मधाने चिकचिक वाढली. त्या म्हणाल्या, विष सुटतंय. शेवटी त्यांनी लसणाची पाकळी सोलून, फडक्यात बांधून आत ठेवायला सांगितली. मी ठेवली. दुखायला लागल्यावरही काढली नाही, कारण सोसायचं असं सांगितलं होतं आणि सोसण्यात मी तोवर तरबेज झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लघवी होईना. सगळं सुजून बंद झालं होतं. पोट फुग्यासारखं ताणलेलं. मोरीत भिंतीला धरून उभी राहिले आणि बसायचीसुद्धा हिंमत होईना. नंदाने शिबिरवाल्या बाईंना फोन लावून माझ्या कानाला धरला. त्या त्याच लोण्याच्या आवाजात म्हणाल्या, सहन करा, ही शेवटची पायरी आहे.

नंदाने फोन माझ्या कानापासून काढून घेतला आणि बंद केला.

“ताई, ही बाय तुला मारील. चल, रिक्षा आणते.”

कुंडलिका नदीच्या पुलावरचा प्रत्येक खड्डा मला आठवतो.

बघितलं

पुलापलीकडे रोह्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान असतील. त्यांनी दार लावून घेतलं, नंदाला माझ्या डोक्याशी उभं केलं आणि तपासलं. आत राहिलेला लसणाचा चोथा फडक्यासकट काढला. भाजल्यासारखं झालंय, म्हणाल्या. मग नळी घालून लघवी काढली. ती निघाली तेव्हा मला जे सुख झालं, ते सांगता येणार नाही. मी त्या खाटेवर पडल्या पडल्या सिस्टरचा हात धरून ठेवला. तिने तो काढून घेतला नाही.

जरा सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, एवढे महिने दाखवलं का नाही कुणाला? त्यांचा आवाज चढलेला होता. माझाही चढला.

“दाखवा असं कुणी म्हटलंच नाही, मॅडम. सगळ्यांनी ऐकलं आणि उपाय सांगितला. बघितलं तुम्ही पहिल्यांदा.”

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग तहान किती लागते, वजन उतरलंय का, घरात कुणाला साखरेचा आजार होता का, असं विचारायला लागल्या. माझे वडील पायाच्या न भरणाऱ्या जखमेने गेले होते. सिस्टरने बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला आणि त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मला मधुमेह होता. रक्तात साखर, लघवीत साखर, आणि साखर मिळाली की ही बुरशी माजते. घशासाठी घेतलेल्या गोळ्यांनी तिथले चांगले जंतू मारले, तिला रान मोकळं मिळालं. मग लघवीच्या नावाखाली पुन्हा त्याच गोळ्या. वरून साबण, तुरटी, काढा, कातडी सोलून निघालेली. डॉक्टरांनी हे साध्या भाषेत समजावलं, आणि मी विचारलं, “मॅडम, मग गुलकंद?”

किती घेत होतात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सब्जातली खडीसाखर, सरबतं, उसाचा रस, तेही सांगितलं.

“म्हणजे तुम्ही त्या बुरशीला जेवू घालत होतात.”

नंदा हसली. मीही हसले, आणि मग माझं हसू थांबेना, आणि ते हसू राहिलं नाही.

मला काही दिवस ठेवून घेतलं. सकाळी चहाच्या आधी बोटाला सुई. नळीची पिशवी खाटेला लटकलेली, येणारीजाणारी तिच्याकडे बघणार आणि काय झालंय विचारणार. नंदा सगळ्यांना ‘लघवीचा त्रास’ सांगायची. वॉर्डातला पडद्याचा स्टँड मोडका होता. शेजारच्या खाटेवर वाडीवरची एक कातकरी बाई बाळंतीण होती. मला तपासायला कुणी आलं की ती बाळाला खाटेवर ठेवायची, उठायची आणि आपली चादर दोन्ही हातांनी पसरून, पाठ फिरवून उभी राहायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओली बाळंतीण, पाय लटलटायचे तिचे. मी बस म्हटलं की म्हणायची, “ऱ्हाऊ दे गो बाय, मी धरलंय.” त्या सगळ्या महिन्यांत मला आडोसा कुणी दिला असेल तर तिने.

नवरा आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. सांगितलं की हा आजार बाहेरून आणावा लागत नाही, ही बुरशी बायकांच्या अंगात थोडी असतेच, साखरेने वाढते. हिच्या चालीशी त्याचा काही संबंध नाही. तो भिंतीकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “मला काय म्हाईत.”

कंपनीत मशीन जरा वेगळी वाजली तरी हा माणूस ती उघडून बघतो. माहीत करून घेणं त्याला येत नाही असं नाही.

दोरी

आता या लेखातला कामाचा भाग. हे वाचणाऱ्या बाईला औषधाविना काय करता येतं ते जाणून घ्यायचं असेल, तर ते आहे, आणि बरंच आहे. मला बुरशीसाठी आत ठेवायच्या गोळ्या आणि बाहेरून लावायचं मलम दिलं, साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. पण डॉक्टरांनी निम्म्याहून जास्त वेळ जे सांगितलं त्याला औषध लागत नव्हतं. साबण बंद. आतून धुणं कायमचं बंद, ती जागा स्वतःला स्वच्छ ठेवते. बाहेरून साधं पाणी, आणि नंतर टिपून कोरडं करायचं. नायलॉन टाकून सुती कपडा, सैल. घामाने भिजला की बदलायचा. दही आवडतं तर ताटात वाढून घ्यायचं, दुसरीकडे कुठे नाही. साखर बंद, भात मूठभर, संध्याकाळी चालायला जायचं. यातलं एकही अवघड नाही. एवढंच, की आधी काय झालंय ते कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. पांढरं जाणं, खाज, आग, दर वेळी ही बुरशीच असते असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

आणि आतले कपडे उन्हात वाळवायचे. हे ऐकून मला कसंसंच झालं. आमच्याकडे ते मोरीत, टॉवेलाखाली वाळत. वाळत कसले, कुबटत. घरी आल्यावर मी ते धुतले आणि अंगणातल्या दोरीवर, उन्हात, उघडे घातले. आई म्हणाल्या, लोकं बघतात गो. मी म्हटलं, बघू देत. संध्याकाळी नवऱ्याने ते काढून मोरीत नेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाहेर घातले, या वेळी माझ्या मुलीचेही. त्याने पुन्हा काढले. मी त्याच्या समोर उभं राहून पुन्हा घातले. त्यानंतर त्याने हात लावला नाही. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही, आणि ‘हे आणलंस कुठून’ असं त्याने विचारलं होतं, त्याबद्दल आजवर तो काही बोललेला नाही. मी वाट बघणं सोडून दिलंय.

सुमनताईंकडे गेले ती माझ्या कागदांसकट. सगळ्या जणी पोळपाटावर होत्या. मला काय झालं होतं, ते मी नाव घेऊन सांगितलं. दोघींनी माना खाली घातल्या. एक जण निघताना गल्लीच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आली आणि म्हणाली की तिलाही आहे. सुमनताईंनी उद्यापासून ये म्हटलं. मी गेले, काम हवं होतं. पण पूर्वीसारखं हसत बसता आलं नाही.

नंदा आणि मी त्या शिबिरातही गेलो. मला काय झालं ते मी त्या बाईंना सगळ्यांसमोर सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तुमची श्रद्धा कमी पडली, आणि अजून तुमच्यात किती राग आहे बघा. हॉलमधल्या दोन बायका उठून आमच्यामागे बाहेर आल्या. बाकीच्या बसून राहिल्या.

हो, राग आहे. राग गिळल्याने बुरशी होत नाही. राग आधी आला असता तर मी पहिल्याच दवाखान्यात तो अर्धा पडदा ओढून घेतला असता आणि म्हटलं असतं, मला तपासा.

आई

त्यानंतरचा पावसाळा सरत आला होता. मी खोलीत औषधांचा डबा आवरत होते. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ते तुझं मलम म्हातारीला चालतं?”

मला वाटलं, गुडघ्याला हवंय. त्यांनी मान हलवली. हाताने काही दाखवलं नाही, फक्त पदर पोटाशी घट्ट ओढला.

“कधीपासून, आई?”

“तुझी ननंद झाली तवापासून.”

माझ्या नणंदेची मुलगी कॉलेजात जाते.

मी त्यांना रोह्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. आईंची तिन्ही बाळंतपणं घरी झालेली. त्या कधी तपासायच्या टेबलावर चढल्याच नव्हत्या. लुगड्याची गाठ सोडायला तयार नव्हत्या. मी त्यांचा हात धरून उभी राहिले तेव्हा त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली. डॉक्टरांनी बघितलं. त्यांची ती बुरशी नव्हती, त्वचेचा जुना विकार होता, खाजवून खाजवून कातडी जाड आणि पांढरी झालेली. मलम दिलं. हे लावत राहायचं, आटोक्यात राहील, अधूनमधून दाखवायला मात्र यायचं, असं बजावलं.

घरी मलम लावायला आई सुरुवातीला लाजायच्या. मग स्वतःच लावायला लागल्या. काही आठवडे गेले. एका दुपारी आम्ही दोघी मागच्या दारी बिरडं सोलत बसलो होतो, मध्ये भिजलेल्या वालाची परात. आई म्हणाल्या, हल्ली झोप लागते. काल एकदाही जाग आली नाही.

जरा वेळाने त्यांचा हात थांबला.

“एवढंच व्हतं व्हय गो?”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सासरे गेले, मुलं मोठी झाली, नातवंडं झाली, इतकी वर्षं ही बाई रात्री उठून बसत होती, आणि एका बोटाएवढ्या मलमाने ते गेलं होतं. त्यांनी मला चमच्याने दिला तोच गुलकंद कधीकाळी त्यांनाही कुणीतरी दिला असणार.

मी म्हटलं, “व्हय आई. एवढंच होतं.”

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. माझ्या बोटांतला दाणा मात्र किती तरी वेळ सोलला जाईना.